कळंगूटला नकोसे झालेले पाहुणे

आंबोली घाट उतरून, सावंतवाडी आणि बांदा मागे टाकून, पत्रादेवीच्या नाक्यावरून म्हापशामार्गे कळंगूटला पोहोचणाऱ्या आपल्याकडच्या बसगाड्यांविषयी गोव्यात फारसे चांगले बोलले जात नाही. सोबत गॅसची टाकी आणि पातेली आणणारे, रस्त्याकडेला भात शिजवणारे आणि खोली न घेता रात्रीच परत फिरणारे हे प्रवासी गावाला कचऱ्याखेरीज काही देत नाहीत, असा त्यांच्यावर आक्षेप आहे. 2019 मध्ये गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करण्यास बंदी आली आणि त्यासाठी एकट्यादुकट्याला 2,000, तर गटाला 10,000 रुपये दंड ठरला. 2024 मध्ये कळंगूट पंचायतीने त्याही पुढे जाऊन, हॉटेलचे आरक्षण नसलेल्या पर्यटकांकडून प्रवेशकर घेण्याचा ठराव केला.

मी स्वतः कळंगूट पहिल्यांदा पाहिले ते अशाच एका बसमधून उतरून, त्यामुळे हा आक्षेप मला लागतो; पण तो खोटा आहे असे मात्र म्हणवत नाही. अनवाणी चालणाऱ्यांच्या वाटेवर वाळूत रुतलेल्या बाटल्यांच्या काचा मी पाहिल्या आहेत. माझी शंका वेगळी आहे. या गावावर आज जो भार पडला आहे तो बसगाड्यांनी आणला, की त्या येण्यापूर्वीच गाव त्या मार्गाला लागले होते?

रांपणीचे मोठे जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांच्या आणि माडांच्या या किनाऱ्यावर आधी हिप्पी आले. ते मच्छीमारांच्या घरांत भाड्याने राहत असल्यामुळे त्यांच्यासाठी गावाला फारसे काही बांधावे लागले नाही. 1974 मध्ये शेजारच्या शिकेरीला, आग्वाद किल्ल्याच्या पायथ्याशी ताज समूहाचे हॉटेल उभे राहिले आणि 1983 मध्ये राष्ट्रकुल परिषदेच्या निमित्ताने अनेक देशांचे प्रमुख तिथे विश्रांतीला आले, तेव्हा हा किनारा जगाच्या नकाशावर ठळक झाला. 1987 पासून जर्मनीहून थेट चार्टर विमाने उतरू लागली. त्या वेळी ‘जागृत गोंयकारांची फौज’ या संघटनेने परदेशी पर्यटकांचे स्वागत निदर्शनांनी आणि शेणाने केले होते, हे आज कोणाच्या फारसे लक्षात नाही. म्हणजे नकोशा पाहुण्यांची पहिली बस आमची नव्हती!

पुढच्या काळात ज्याच्याकडे जागा होती त्याने मागच्या अंगणात खोल्या काढल्या, नंतर त्यांवर मजले चढवले, आणि भातखाचरांच्या जागी तरणतलाव असलेली संकुले आली. शॅक, म्हणजे किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या खानावळी, निदान बांबू आणि झावळ्यांचे असतात व पावसाळ्यापूर्वी उतरवले जातात. सिमेंट मात्र जागेवरून हलत नाही. 2011च्या जनगणनेत ज्या गावाची लोकसंख्या 14,000च्या आत होती, तिथल्या विहिरींना आणि शोषखड्ड्यांना हंगामात किती माणसांचे पाणी पुरवावे व जिरवावे लागत असेल, याचा अंदाज रस्त्यावरच्या टँकरच्या खेपा पाहिल्या तरी येतो. हे टँकर शेजारच्या गावांतल्या विहिरींवर भरले जातात. एके काळी लिस्बनकडे निघालेली जहाजे ज्या आग्वादला गोडे पाणी भरून घेत, त्याच्याच परिसरात आज पाणी विकत घ्यावे लागते. किनारपट्टीचा कचरा 2016 पासून साळगावच्या पठारावरील प्रकल्पात जातो. तेही शेजारचेच गाव.

आता या उलाढालीचा कणा देशी पर्यटक आहे. 2024 मध्ये गोव्यात सुमारे 99 लाख देशी पर्यटक आले, तर विदेशी पर्यटक पाच लाखांच्याही आत राहिले. हॉटेलवाल्यांनी दरफलक बदलले, शॅकच्या खाद्ययादीत पनीर आणि जैन थाळी आली. गिऱ्हाईक बदलले तसे कळंगूट बदलत गेले, आणि यात मला काही गैर वाटत नाही. खटकते ते एवढेच की, दिवसभर फिरून जाणारा माणूस तेवढा डोळ्यांवर येतो आणि चार दिवस वातानुकूलित खोलीत राहून टँकरच्या पाण्याने दोनदा अंघोळ करणारा ‘दर्जेदार पर्यटक’ ठरतो. रस्त्यावर शिजवलेला भात सर्वांना दिसतो, पण नाल्यातून बागा नदीकडे वाहणारे सांडपाणी आरक्षणाच्या पावतीवर लिहिलेले नसते.

प्रवेशकर द्यायला माझी हरकत नाही, आणि बसमध्ये पातेली घेऊन येणाऱ्यांनी दंडही भरावा. मात्र तोच हिशेब खोल्यांच्या संख्येला आणि टँकरच्या खेपांनाही लावावा, आणि त्यातून येणाऱ्या पैशाचा काही वाटा पाणी देणाऱ्या व कचरा सोसणाऱ्या शेजारच्या पंचायतींकडे जावा.