तुम्ही विचारलंत म्हणून: अकाउंटिंगमध्ये पीएचडी? त्यात शोधायचं काय असतं?

हा प्रश्न मला दोन प्रकारची माणसं विचारतात. एक म्हणजे ज्यांचा अकाउंटिंगशी काहीच संबंध नाही ते. त्यांचं म्हणणं असं की डेबिट-क्रेडिटचं तर पाचशे वर्षांपूर्वीच ठरलंय (हे खरंच आहे, लुका पाचोलीने १४९४ मध्ये व्हेनिसला दुहेरी नोंदीची, म्हणजे प्रत्येक व्यवहार डेबिट आणि क्रेडिट अशा दोन बाजूंना लिहायची पद्धत पुस्तकात छापली आणि गाभा अजून तोच आहे), मग आता तुम्ही काय नवीन शोधणार, तिसरी बाजू? दुसरे म्हणजे आपल्याच लाइनमधले लोक, ऑडिटमध्ये नाहीतर कंपनीच्या फायनान्समध्ये काही वर्षं काढलेले, महिनाअखेरच्या क्लोजिंगला, म्हणजे हिशोब बंद करायच्या धावपळीला वैतागलेले, शिकवायला आवडेल असं मनात असलेले. ते सगळ्यांसमोर विचारत नाहीत, मागाहून हळूच मेसेज करतात, की मॅडम, पीएचडी करू का.

लिहितेय ते मुख्यतः या दुसऱ्यांसाठी. पण त्यांनाही पहिल्यांचाच प्रश्न आधी पडायला हवा असं माझं मत आहे, कारण बरेच जण असं धरून चालतात की पीएचडी म्हणजे अकाउंटिंगची अजून वरची परीक्षा. स्टँडर्ड्स (हिशोबाचे नियम) अजून खोलात, कन्सॉलिडेशन (समूहातल्या कंपन्यांचे हिशोब एकत्र करणं) अजून किचकट, आणि शेवटी एक जाडजूड थिसिस. मलाही जायच्या आधी साधारण असंच वाटत होतं. तसं काही नसतं. पहिल्या वर्षी वर्गात बसलं की समोर येतं मायक्रोइकॉनॉमिक्स, इकॉनोमेट्रिक्स (अर्थशास्त्रातली संख्याशास्त्राची तंत्रं), फायनान्सची थिअरी, काही ठिकाणी सायकॉलॉजी. जर्नल एंट्री, म्हणजे हिशोबातली साधी डेबिट-क्रेडिटची नोंद, तर मी कितीतरी महिने पाहिलीच नव्हती. शेजारी गणितातून आलेली मुलं बसलेली असतात ज्यांना प्रोव्हिजन (येऊ घातलेल्या खर्चासाठी नफ्यातून आधीच वजा केलेली रक्कम) आणि रिझर्व्ह (झालेल्या नफ्यातून बाजूला ठेवलेली रक्कम) यांमधला फरक विचारला तर सांगता येत नाही, आणि ती तुमच्या पुढे पळत असतात.

मग या विषयात शोधतात काय? एक उदाहरण घेऊन सांगते, कारण अख्खा आधुनिक अकाउंटिंग रिसर्च त्याच्याच खांद्यावर उभा आहे म्हटलं तरी चालेल. १९६० च्या दशकात बऱ्याच विद्वानांचं म्हणणं होतं की कंपनीचा नफा हा आकडाच निरर्थक आहे. एक मालमत्ता जुन्या किमतीला धरलेली, दुसरी वेगळ्या पद्धतीने मोजलेली, घसारा कुठल्यातरी तिसऱ्याच हिशोबाने, या सगळ्याची बेरीज-वजाबाकी करून आलेल्या आकड्याला अर्थ काय, सत्तावीस टेबलांमधून आठ खुर्च्या वजा केल्यासारखं ते. यावर उपाय म्हणून जो तो नफा मोजायची आपापली 'खरी' पद्धत सुचवत होता. रे बॉल आणि फिलिप ब्राउन हे दोन ऑस्ट्रेलियन तेव्हा शिकागो विद्यापीठात होते. त्यांनी हा वाद घातलाच नाही. त्यांनी विचारलं, आकडा निरर्थक आहे ना, ठीक, मग शेअर बाजाराला त्याने काही फरक पडायला नको, बघूया पडतो का. २६१ कंपन्या घेतल्या, कुठल्या कंपनीचा नफा अपेक्षेपेक्षा जास्त आला आणि कुठल्या कंपनीचा कमी ते वेगळं काढलं, आणि त्यांच्या शेअर्सचं काय झालं ते पाहिलं. फरक पडत होता, चांगलाच पडत होता. आणि त्याहून मजेशीर गोष्ट, नफा जाहीर व्हायच्या कितीतरी महिने आधीपासून भाव त्या दिशेने सरकायला लागलेले होते, म्हणजे वार्षिक अहवालात जे कळतं त्यातलं ८५ ते ९० टक्के बाजाराने इतर मार्गांनी आधीच उचललेलं असतं असा त्यांचा अंदाज निघाला.

हा पेपर 'द अकाउंटिंग रिव्ह्यू' या सगळ्यात मानाच्या जर्नलने, म्हणजे संशोधनाच्या नियतकालिकाने, परत पाठवला होता, हा अकाउंटिंगचा पेपरच नाही म्हणून. मग १९६८ मध्ये तो 'जर्नल ऑफ अकाउंटिंग रिसर्च'मध्ये आला. रिजेक्शन आलं की आमच्यातले सगळे एकमेकांना हीच गोष्ट सांगतात, इतकी सांगतात की आता तिचा दिलासा वाटेनासा झालाय.

तर मुद्दा असा. ऑफिसात आपल्याला विचारतात की ही नोंद बरोबर आहे का. रिसर्चमध्ये विचारतात की लोक अशी नोंद का करतात, आणि ती वाचून दुसरे लोक काय करतात. आकडे तेच, पण बघायचं असतं ते आकड्यांच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या माणसांकडे.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण १९९७ चं आहे, बर्गस्टालर आणि डिचेव्ह यांचं. हजारो कंपन्यांचे नफे-तोटे घ्यायचे, कंपनीच्या आकाराने भागायचे आणि त्याचा आलेख काढायचा. गुळगुळीत टेकडीसारखा आलेख यायला हवा. पण शून्याच्या जरासं डावीकडे, म्हणजे जिथे अगदी किरकोळ तोटा झालेल्या कंपन्या असायला हव्यात, तिथे खड्डा, आणि शून्याच्या जरासं उजवीकडे, किरकोळ नफ्याच्या जागी, गर्दी. ज्याने कधी वर्षअखेरीला क्लायंटच्या ऑफिसात बसून 'ही प्रोव्हिजन एवढी लागेलच का हो' हे वाक्य ऐकलंय त्याला या आलेखाचा अर्थ सांगावा लागत नाही. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसूच आलं, कारण तो खड्डा कसा तयार होतो ते मी जवळून बघितलं होतं.

पण थांबा, खरी पीएचडी इथून पुढे सुरू होते. नंतर २००५ मध्ये डर्ट्शी आणि ईस्टन यांनी म्हटलं की हा खड्डा कंपन्यांनी आकडे फिरवल्याचा पुरावा असेलच असं नाही, तुम्ही नफ्याला ज्या आकड्याने भागलं आणि नमुन्यात ज्या कंपन्या घेतल्या त्यामुळेही तो दिसू शकतो. आता सांगा. तुमच्या अनुभवाला वाटतंय की आपल्याला उत्तर माहीत आहे, आणि समोरचा म्हणतोय की तुमचा पुरावा ते उत्तर सिद्ध करत नाही, आणि त्याचं म्हणणं चुकीचं आहे असं तुम्हाला दाखवताही येत नाही. प्रॅक्टिसमधून आलेले लोक अडकतात ते इथे, गणितात नाही, गणित रडतखडत का होईना जमतं. आपली सगळी सवय शंका मिटवायची असते, कागद मागवा, स्पष्टीकरण घ्या, वर्किंग पेपरला (ऑडिटच्या टिपणांना) लावा, सही करा, फाइल बंद. इथे फाइल उघडीच राहते, वर्षानुवर्षं, आणि तशा उघड्या फाइलसोबत रात्री झोप लागते का हा मला वाटतं खरा एंट्रन्स टेस्ट आहे. बाकी जीमॅट, जीआरई, जिथे जी परीक्षा मागतात ती देऊन टाका, त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

अनुभवाचा उपयोग मग काहीच नाही का? आहे की, प्रश्न शोधायला. गणितातून आलेल्या त्या हुशार मुलांना मॉडेल येतं पण कुठे बघायचं ते कळत नाही. नफा 'जुळवायचा' असेल तर कंपनी हिशोबच फिरवते असं त्यांना वाटतं, पण आपल्याला माहीत असतं की कितीतरी वेळा हिशोबाला हातही लागत नाही, जाहिरातीचा खर्च पुढे ढकलला जातो, मशीनची दुरुस्ती पुढच्या तिमाहीवर जाते आणि ऑडिटरला त्यात बोट ठेवायला जागाच नसते. ग्रॅहम, हार्वी आणि राजगोपाल यांनी २००५ मध्ये चारशेवर फायनान्स अधिकाऱ्यांना थेट हेच विचारलं होतं. ८० टक्के म्हणाले की टार्गेट गाठायला आम्ही संशोधन, जाहिरात, देखभाल असले खर्च कापू. आणि निम्म्याहून जास्त म्हणाले की कंपनीचं थोडं नुकसान होत असलं तरी नवा प्रकल्प पुढे ढकलू. अशा प्रश्नाचा वास लागायला ऑफिसात घालवलेली वर्षं कामी येतात, पण तेवढंच, पुढचं सगळं नव्याने शिकायचं असतं.

आणि हो, सगळेच जण शेअर बाजाराचा डेटा घेऊन बसतात असंही नाही. कोणी लॅबमध्ये प्रयोग करतं, ऑडिटरना खोट्या कंपनीची फाइल देऊन कोणत्या दबावाखाली ते काय ठरवतात ते बघतं. कोणी कागद-पेन्सिल घेऊन नुसती समीकरणं मांडतं. कोणी एखाद्या हॉस्पिटलमध्ये नाहीतर कारखान्यात महिनोन् महिने जाऊन बसतं आणि बजेट नावाच्या गोष्टीने तिथल्या माणसांची एकमेकांशी वागणूक कशी बदलते ते टिपतं, या धाटणीच्या कामासाठी १९७६ पासून 'अकाउंटिंग, ऑर्गनायझेशन्स अँड सोसायटी' हे जर्नल आहे आणि ते वाचताना आपण समाजशास्त्र वाचतोय असं वाटतं. अलीकडे शब्दांवरही बरंच काम होतं. वार्षिक अहवालात नकारात्मक शब्द किती ते कॉम्प्युटरने मोजायचं, पण साध्या भाषेसाठी बनवलेली यादी वापरली तर 'लायबिलिटी', 'टॅक्स', 'कॉस्ट' हे सगळे वाईट शब्द धरले जातात! लॉरन आणि मॅकडॉनल्ड यांनी २०११ मध्ये दाखवलं की त्या यादीतले जवळजवळ तीन चतुर्थांश 'नकारात्मक' शब्द आर्थिक मजकुरात नकारात्मक नसतातच. हे आपल्यातल्या कुठल्याही आर्टिकलशिपच्या (सीए होताना उमेदवारी करणाऱ्या) पोराने सांगितलं असतं, पण सांगणं वेगळं आणि दाखवणं वेगळं.

आता रोजचं आयुष्य. अमेरिकन पद्धतीत साधारण पाच वर्षं धरा, पहिली दोन कोर्सवर्कची, मग एक मोठी परीक्षा, मग थिसिस. युरोपात आणि इतर अनेक ठिकाणी कोर्सवर्क कमी आणि थेट रिसर्चवर भर. पूर्णवेळ प्रोग्रॅममध्ये बऱ्याचदा फी माफ असते आणि स्टायपेंड मिळतो, पण तो तुमच्या आत्ताच्या पगाराशेजारी ठेवून बघू नका, उगाच त्रास होईल. नोकरी सांभाळून करता येईल का हेही विचारतात. पार्टटाइम करणारे लोक आहेत, पूर्णही करतात, पण दिवसभर ऑडिट करून रात्री डेटा साफ करत बसणं म्हणजे काय ते मी बघितलंय आणि मी कोणाला तसं करा म्हणणार नाही.

डेटा साफ करणं, हे तर कोणी आधी सांगतच नाही. बाहेरच्यांना वाटतं की आम्ही विचार करत बसतो. आम्ही बहुतेक वेळ कंपनीचा कोड या फाइलमध्ये एक आणि त्या फाइलमध्ये दुसरा का, आर्थिक वर्ष मधेच बदललेल्या कंपनीचं काय करायचं, रिकामी जागा म्हणजे शून्य की माहितीच नाही, असल्या गोष्टींत असतो. इथे मात्र ऑडिटवाले चमकतात, रिकाम्या जागेवर संशय घ्यायची आपली सवय जुनीच.

पेपर लिहून झाला की तो एखाद्या जर्नलला पाठवायचा, तिकडे दोन अनोळखी माणसं तो वाचतात, महिनोन् महिने लावतात, आणि मग बहुतेकदा नाही म्हणतात. हो म्हणाले तरी ते 'एवढे बदल करा, मग बघू' असं हो असतं. पहिला प्रश्न सुचल्यापासून पेपर छापून हातात येईपर्यंत पाच वर्षं गेली तरी कोणाला नवल वाटत नाही. महिनाअखेरीला क्लोजिंग झालं की जो हुश्श वाटतो ना, तो विसरा.

तरी मी कोणाला करू नका म्हणत नाही. नुसतं शिकवायचं असेल तर मात्र आधी चौकशी करा, बऱ्याच ठिकाणी प्रोफेशनल डिग्री आणि अनुभवावर शिकवता येतं, त्यासाठी एवढी वर्षं घालायची गरज नसते. नावापुढे डॉक्टर लावायचं असेल तर याहून सोपे विषय आहेत. पण काम करताना एखादी गोष्ट तुम्हाला सारखी खटकत असेल, 'हे लोक असं का करतात' म्हणून, आणि 'पद्धतच आहे तशी' या उत्तराने तुमचं समाधान होत नसेल, तर तुमच्याशी बोलायला मला आवडेल.

वयाचं विचारता म्हणून सांगते, पस्तिशीत, चाळिशीत आलेले लोक आमच्यात सर्रास आहेत, अकाउंटिंगमध्ये तर इतर विषयांपेक्षा त्याचं कमीच आश्चर्य वाटतं. वयापेक्षा गाइड महत्त्वाचा. विद्यापीठाचं नाव बघून अर्ज करू नका, तिथे तुमच्या धाटणीचं काम करणारं कोण आहे ते बघा, त्यांचे अलीकडचे दोन-तीन पेपर खरोखर वाचा, त्यांच्याकडून बाहेर पडलेले विद्यार्थी किती वर्षांत सुटले आणि आता कुठे आहेत ते शोधा, जमलं तर त्यातल्या एकाशी फोनवर बोला (मेलवर कोणी खरं लिहीत नाही). आणि गाइडला पहिला मेल लिहाल तेव्हा 'मला अकाउंटिंगमध्ये रस आहे, मी मेहनती आहे' हे लिहू नका, असे मेल रोज येतात आणि आम्ही ते उघडून बंद करतो. तुम्ही कामात पाहिलेली ती खटकणारी गोष्ट चार ओळीत लिहा, कंपनीचं नाव न घेता, आणि ती खरी आहे की नाही हे तपासायला कोणता डेटा लागेल असं तुम्हाला वाटतं ते पाचव्या ओळीत लिहा. पाचवी ओळ चुकीची असली तरी चालेल, त्यावर बोलणं सुरू होतं.