शंभरपर्यंत पाठ, पण पाच चिंचोके देता येईनात

जूनमध्ये नवी मुलं अंगणवाडीत येतात तेव्हा आया कौतुकाने सांगतात, "ताई, हिला शंभरपर्यंत येतं हो!" येतंच. डोलत डोलत, एका दमात म्हणून दाखवते. मग मी चिंचोक्यांचं ताट पुढे सरकवते. "मला यातले पाच दे बघू." ती मूठभर उचलून माझ्या हातावर ठेवते. कधी आठ निघतात, कधी अकरा. "पाच आहेत का हे?" "हो!" आवाजात तसूभर शंका नाही.

म्हणून मी अंक म्हणवून घेण्यापासून सुरुवात करत नाही. पहिले काही आठवडे नुसत्या जोड्या. आहाराच्या वेळी ताटल्या मांडायचं काम मुलांचं: एका मुलापुढे एक ताटली. एखादी उरली की ओरडा होतो, "ताई, जास्त झाली!" कमी पडली तर ज्याची राहिली तो रडतो. संख्या कुणीच उच्चारलेली नसते, पण एकास एक म्हणजे काय ते भुकेल्या पोराला बरोबर कळतं.

मग चिंचोके. इथे खरी गंमत असते. तोंड पुढे पळतं आणि बोट मागे राहतं. "एक, दोन, तीन, चार" म्हणेपर्यंत बोट दुसऱ्याच चिंचोक्यावर असतं. नाहीतर एकच चिंचोका दोनदा मोजला जातो. यावर मला एकच उपाय लागू पडला. मोजलेला चिंचोका उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचा. टक्क आवाज आला की मगच पुढचा अंक. हात कामाला लागला की तोंड आपोआप थांबतं.

तरीही गाडी एका जागी अडतेच. सहा चिंचोके नीट मोजून झाले की विचारायचं, "मग किती झाले?" मूल उत्तर देत नाही, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतं. परत विचारलं, की परत मोजतं. त्याच्या लेखी 'किती' म्हणजे 'मोजून दाखव'. शेवटी म्हटलेला अंक हा सगळ्या ढिगाचा असतो, हे अजून पोचलेलं नसतं. रॉशेल गेल्मन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजण्याची पाच तत्त्वं मांडली, त्यातलं हे एक. पुस्तकात ती ओळ वाचायला मिनिटही लागत नाही, वर्गात मात्र महिने जातात. मी मोजून झाल्यावर वाटीवर हात फिरवून म्हणते, "हे सगळे मिळून सहा." मग वाटी झाकते आणि विचारते, "आत किती?" झाकल्यामुळे परत मोजायची सोय उरत नाही. एखाद्या दिवशी मूल क्षणभर वाटीकडे बघतं आणि म्हणतं, "सहा!" नंतर लगेच झाकण काढून खात्री करून घेतं, ते वेगळं.

फाशावरचे ठिपके मात्र तीनपर्यंत मुलं न मोजताच ओळखतात. म्हणून सापशिडी वर्गात कायम असते. साप आला की रडारड होते, पण घरं मोजताना कुणीही चूक खपवून घेत नाही. लबाडी पकडायला तर सगळेच तयार!

साहित्याला पैसे लागत नाहीत. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. माँटेसरी शिक्षणपद्धतीची महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती, तेव्हा आसपास मिळेल त्यातून साधनं केली. माझ्याकडे चिंचोके, बाटल्यांची बुचं आणि शर्टाची बटणं आहेत. एवढंच की बटणं तीन वर्षांच्यांच्या हाती देत नाही, ती थेट तोंडात जातात.

लिहिण्याची घाई पालकांना असते, मला नसते. "वहीत काहीच नाही?" हा प्रश्न दर पालकसभेत येतो. आता मी उत्तर देत बसत नाही. मुलाला पुढे बोलावते आणि आईला म्हणते, "तुम्हीच मागा, सात चिंचोके." पोरगं वाटीत टक्क टक्क टाकत सात देतं. मग घरी भाकरी मोजायला लावा, शेंगा वाटायला सांगा, असं सांगितलेलं पटतं.

लिहायला घेतो ते आधी रेतीच्या ताटात, बोटाने. ३ आणि ६ बरेच दिवस उलटसुलट होतात, एकाचं तोंड डावीकडे आणि दुसऱ्याचं उजवीकडे. मी खोडत नाही. शेजारी तेवढे चिंचोके ठेवायला सांगते. ठेवता ठेवता बरेचदा तेच रेती सारखी करून अंक पुन्हा काढतात. शून्य सगळ्यात शेवटी येतं, आणि ते शिकवायला मला रिकामी वाटी पुरते.