रात्रीची सोय

आमच्या बेंजो पार्टीत मी ऑक्टोपॅड वाजवतो. तासगाव, विटा, इस्लामपूर, पार कराडपर्यंत सुपाऱ्या असतात. पण गर्दी यायची ती आमच्या बेंजोवाल्यासाठी. तारा छेडायच्या पिकला चिकटपट्टी गुंडाळून वाजवायचा. गाण्याच्या शेवटी एकच सूर असा घोळवायचा, की नाचणारी पोरं जागच्या जागी थांबायची.

सुपारी ठरवताना मंडळं पाचशे रुपयांवर अडतात. बाटली मात्र न मागता येते. 'भावा, गाव हलवलंस आज, घे!' त्या 'घे'मध्ये प्रेमच असायचं. बारा वाजता वाजवणं थांबायचं, पण कानातलं थांबायचं नाही, झोप यायची नाही. मीही घ्यायचो. मला सोडता आली.

२३व्या वर्षी त्याचे व्हिडिओ गावोगाव फिरले. २५व्या वर्षी सकाळी हात इतका थरथरायचा, की घोटभर घेतल्याशिवाय पिक धरता यायची नाही. मग आईच्या शब्दाखातर त्यानं माळ घातली आणि एका दिवसात दारू बंद केली. आम्ही पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर किडे दिसायला लागले, झटके आले. घरच्यांना बाहेरचं वाटलं, देवऋषी आणला. मिरजेसारखं दवाखान्यांचं गाव अर्ध्या तासावर, आणि चौथ्या दिवशी तो गेला.

रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडली तर झटके येऊन जीव जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं देऊन सोडवावी लागते. हे आम्हाला नंतर कळलं.

त्यानंतर मी असल्या पोरांबद्दल मिळेल ते वाचत सुटलो. अमेरिकेतला गिटारवाला जिमी हेंड्रिक्स आणि तिथलीच गायिका जॅनिस जॉप्लिन १९७० साली तीन आठवड्यांच्या आत गेले, दोघंही २७ वर्षांचे. इंग्लंडची गायिका एमी वाइनहाउस २३ जुलै २०११ ला गेली, तीही २७ चीच. रक्तात १०० मिलिलिटरला ४१६ मिलिग्रॅम अल्कोहोल. तिथं गाडी चालवायची मर्यादा ८०. त्या जुलैतले बरेच दिवस ती प्यायलीच नव्हती, हे वाचून मी फोन खाली ठेवला. तीही सोडत होती.

त्याचा बेंजो आईनं मला दिला. मिरजेतून नव्या तारा बसवून आणल्या. आता तो वाजवणारा पोरगा १९ वर्षांचा आहे.

परवा एका मंडळाचा फोन आला. पैसे ठरले, जेवण ठरलं.

"दादा, आणि रात्रीची सोय?"

"चहा ठेवा," म्हटलं. "आणि पोराला लवकर सोडा."