आधी अंदाज, मग स्विच

आठवीचा धाराविद्युतचा धडा मी इतकी वर्षं एकाच पद्धतीने शिकवायचे. फळ्यावर आकृती, मग सेल, वायर, बल्ब जोडून दाखवायचं, बल्ब लागला की पोरं खूश आणि मला वाटायचं समजलं सगळ्यांना. पेपरात व्याख्या पण बरोबर यायच्या ना.

यावर्षी क्रम बदलला. दोन बल्ब एकसर जोडणीत, म्हणजे एकाच वाटेवर एकापाठोपाठ, लावले पण स्विच दाबलाच नाही. आधी विचारलं, जास्त प्रकाश कुठला देईल? सेलच्या प्लसकडचा असेल तर एक बोट, पलीकडचा असेल तर दोन, दोन्ही सारखे तर तीन. आणि बोटं छातीशी धरायची, म्हणजे हुशार मुलाकडे बघून कोणी आपलं उत्तर बदलत नाही. ४२ पैकी २७ जणांचं एक बोट! का, तर "मॅडम, पहिला बल्ब करंट वापरून टाकतो, दुसऱ्याला उरलेला मिळतो." हा समज जगभरच्या मुलांमध्ये सापडतो, त्यावर ढीगभर संशोधन झालंय, आणि माझ्या वर्गात तो इतकी वर्षं असणारच, मी कधी विचारलंच नव्हतं.

मत दिल्यावर शेजारच्याला पटवायचं आणि परत मत द्यायचं. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर १९९० च्या दशकापासून असं शिकवतायत. त्यांच्याकडे मत नोंदवायचं मशीन, आमच्याकडे बोटं, काही अडत नाही.

मला सगळ्यात अवघड गेलं ते गप्प बसणं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या सुमारास वर्गातल्या टेप ऐकून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात, आणि तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब होतात, एरवी न बोलणारी मुलं बोलतात. मी मोबाईलवर माझा तास रेकॉर्ड केला तर मी एक सेकंद पण थांबत नव्हते, स्वतःच उत्तर देऊन मोकळी. आता मनात पाचपर्यंत मोजते.

तर स्विच दाबला आणि प्लसकडचा बल्ब खरंच जास्त लागला. एक बोटवाल्यांनी वर्ग डोक्यावर घेतला, माझ्या पोटात गोळा. तोंडावर आलं होतं की अरे बल्ब सारखे नसतील, पण मोजत राहिले, एक, दोन, तीन... आणि मागच्या बाकावरची, वर्षभरात कधी हात वर न केलेली मुलगी म्हणाली, "मॅडम, बल्बांची अदलाबदल करून बघूया?"

केली. तोच बल्ब आता दुसऱ्या जागी, आणि तरीही तोच जास्त. मग कोणीतरी म्हणालं सेल उलटे लावा, तरी तोच. म्हणजे जागेचा प्रश्नच नाही, बल्बचा आहे, हे त्यांनीच काढलं. दुकानदाराने सुटे बल्ब दिले होते, दोघांचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वेगळा निघाला. दुसऱ्या दिवशी एकाच पाकिटातले दोन नेले, दोन्ही सारखे लागले. करंट वाटेत संपत नाही हे मला सांगावंच लागलं नाही.

सोमवारी समांतर जोडणी आहे, म्हणजे प्रत्येक बल्बला सेलपासून स्वतंत्र वाट. दोनपैकी एक बल्ब काढला तर दुसऱ्याचं काय होईल, हे शुक्रवारी विचारून ठेवलंय. ३१ जण म्हणतायत जास्त लागेल. दोन दिवसांत तिघं घरी विचारायला येऊन गेले, मी उत्तर दिलेलं नाही.