पावत्यांची पिशवी

आमच्या कोर्टात 'एकशे दहा-एकशे सतरा' हे एका दमात म्हणतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियमातलं कलम ११० म्हणजे सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन आणि ११७ म्हणजे त्याची शिक्षा, जास्तीत जास्त १,२०० रुपये दंड. रस्त्यावर गिऱ्हाइकाची वाट पाहत उभ्या असलेल्या बायका बहुतेक याच कलमांखाली येतात. नाव पुकारलं की 'कबूल' म्हणायचं, दंड भरायचा, पावती घ्यायची. मी मुंबईत मोफत विधी सहाय्याच्या पॅनेलवर वकील आहे. त्या रांगेत मला फारसं काम नसतं.

त्या दिवशी चाळिशीच्या एका बाईने 'नाकबूल' सांगितलं.

"मॅडम, समजवा हिला. उगाच तारखा पडतील," हवालदार म्हणाले. मी तिला बाहेर बाकावर घेऊन बसले. तिने प्लास्टिकच्या पिशवीतून दंडाच्या जुन्या पावत्या काढून माझ्या हातात दिल्या.

"ताई, मी गुन्हा कधी करते ते तुम्हीच वाचा."

वाचत गेले तशी मी सुन्न झाले. जवळजवळ प्रत्येक पावती महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली. मार्चमध्ये तर एकाच आठवड्यात दोन. "एरवी मी त्याच खांबाखाली उभी असते," ती म्हणाली. "तेव्हा हप्ता चालतो. महिना संपत आला की गाडी येते."

हप्त्याची पावती कोणी देत नाही.

मी हवालदारांना सरळ विचारलं. निवृत्तीला आलेला माणूस, त्यांनी लपवलं नाही. "आढावा बैठकीत केसेस किती ते विचारतात. दलालाच्या मागे लागलो तर दोन माणसं आठवडाभर अडकतात, पंच येत नाहीत, मुलगी जबाब फिरवते. एवढं करून मोजायला केस एकच. यांच्या दहा केसेस अर्ध्या तासात होतात."

पिटा म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा. त्याच्या कलम ५ प्रमाणे बाईला धंद्यात आणणाऱ्याला किमान तीन वर्षं सक्तमजुरी आहे. आढाव्याच्या तक्त्यात मात्र तो दलाल आणि ही बाई, दोघांची किंमत एकच. मग पोलीस कुठे जाणार? जिथे कष्ट कमी आणि आकडा जास्त, तिथेच. गांजाच्या केसेसमध्येही मी हेच पाहते. ओढणारी पोरं कोपऱ्याकोपऱ्यावर सापडतात, त्यांना पुरवणारा क्वचित. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४अ मध्ये उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट मिळण्याची सोय आहे, पण उपचाराला गेलेला मुलगा कुणाच्या तक्त्यात भरला जात नाही.

तिने मला आणखी एक हिशेब सांगितला. काही वर्षांपूर्वी ती कोठीत होती तेव्हा रेड पडली. 'सुटका' झाली आणि चौकशी होईपर्यंत तिला सुधारगृहात ठेवलं. पिटाच्या कलम १७ प्रमाणे असं तीन आठवड्यांपर्यंत ठेवता येतं. तेवढ्या दिवसांत कमाई बंद, गावाकडे मुलीच्या शाळेची फी थकलेली. बाहेर आल्यावर तिने घरवालीकडूनच, म्हणजे कोठी चालवणारीकडूनच, उचल घेतली, व्याजाने. जिच्या तावडीतून सोडवायचं म्हणून रेड घातली, तिचीच पकड रेडने घट्ट केली. हे मला दंडापेक्षाही भयंकर वाटतं. वेश्याव्यवसाय हा कायद्याने मुळात गुन्हाच नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट सांगितलं. स्वेच्छेने हे काम करणाऱ्या सज्ञान स्त्रियांना रेडमध्ये अटक करू नये, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिले.

"लढलीस तर किती तारखा पडतील सांगता येत नाही," मी तिला म्हटलं. "प्रत्येक तारखेला तुझा दिवस बुडेल. बाराशे भरणं स्वस्त पडेल."

"स्वस्त पडतं म्हणून तर सगळ्या भरतात," ती म्हणाली. "आणि सगळ्या भरतात म्हणून तर दर महिन्याला आणतात."

आम्ही लढलो. ती प्रत्येक तारखेला हजर होती, पोलिसांचा साक्षीदार एकदाही आला नाही. शेवटी ती निर्दोष सुटली. तिला निकालाची प्रमाणित प्रत हवी होती, म्हणून त्याच दुपारी मी नक्कल विभागात अर्ज केला. पुढच्या महिनाअखेरीला रांगेतल्या आणखी दोघींनी 'नाकबूल' सांगितलं. हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी वकीलपत्रं भरायला घेतली.