तुम्ही विचारलंत म्हणून: गेम संपला, तरी उरलंय काय?

गेम कधी संपतो हे आमच्या सासूबाईंना नेमकं कळतं. पडद्यावर नावांची यादी वर सरकायला लागली की संपला, मालिकेसारखाच. त्यामुळे ती यादी सरकून तीन आठवडे झाले तरी मी रात्री साडेदहाला हेडफोन लावून बसलेली दिसले, की त्या दारातूनच विचारतात, "अगं, संपला ना तो एकदाचा? मग आता उरलंय काय?"

ट्यूशनची मुलं हेच हिंदीत विचारतात, "मॅम, हंड्रेड परसेंट करके मिला क्या?" हंड्रेड परसेंट म्हणजे कथा संपली तरी गेममधलं एकूण एक काम पुरं करणं. पुण्याचा भाचा फोनवर विचारतो. नवरा विचारत नाही, पण प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर असतोच. मी "थोडंसं राहिलंय" म्हणून वेळ मारून नेते. आता तुम्हीही विचारलंत, तर नीट सांगते.

सुरुवात दादामुळे झाली. २००५ च्या आसपास ग्वाल्हेरच्या जनकगंजातल्या आमच्या माहेरच्या घरी कॉम्प्युटर आला, दादाच्या अभ्यासासाठी. त्यावर पहिल्याच आठवड्यात व्हाइस सिटी चढली, एका गुंडाच्या कथेचा गेम. मला खेळायची परवानगी होती, पण मेन मिशनला हात लावायचा नाही या अटीवर. कथा पुढे नेणार तो, पैसे मिळवणार तो, बंगले घेणार तो. माझ्या वाट्याला टॅक्सी चालवणं, पिझ्झा पोचवणं, अँब्युलन्स आणि शहरभर लपवून ठेवलेली शंभर पाकिटं. लग्नघरात धाकट्या बहिणीला देतात तसली कामं.

त्यातलं अँब्युलन्सचं काम मी अजून विसरलेले नाही. पहिल्या पातळीला एक पेशंट, दुसरीला दोन, असं करत बाराव्या पातळीला बारा. बेरीज अठ्ठ्याहत्तर. वेळ मोजून दिलेली, गाडीत एका वेळी तिघंच मावतात, आणि सगळं एका दमात करायचं. मधे सेव्ह करायची सोय नाही, गाडीतून उतरलात तर पहिल्यापासून. हे ग्वाल्हेरच्या त्या वेळच्या लाइटच्या भरवशावर! अकराव्या पातळीला, सात पेशंट पोचवून झालेले, आणि सगळ्या जनकगंजाची लाइट गेली. अंधारात मी खुर्चीवर तशीच बसून होते. आई मेणबत्ती घेऊन आली, तिला वाटलं मी परीक्षेच्या निकालावर रडतेय.

चौथ्या प्रयत्नात जमलं. बक्षीस असं, की त्यापुढे नायकाला कितीही धावलं तरी दम लागत नाही. दुसऱ्या दिवशी दादा खेळायला बसला आणि ओरडला, "अगं, हा थकतच नाहीये!" मला वाटतं, माझी गोष्ट तिथेच ठरली. कथा त्याची होती, पण तिच्यातल्या माणसाची छाती मी घडवली होती.

व्हाइस सिटी शंभर टक्के केली की इतर दोन-चार फायद्यांबरोबर एक टी-शर्टही मिळतो. त्यावर लिहिलेलं असतं, की मी व्हाइस सिटी पूर्ण केली आणि मिळाला काय, तर हा भिकार टी-शर्ट. म्हणजे गेम बनवणाऱ्यांनाही तुमचा प्रश्न ठाऊक होता. झेल्डा मालिकेतल्या २०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये तर याची कमाल आहे. डोंगर-दऱ्यांत लपवलेल्या नऊशे बिया शोधायच्या. आठशे नव्व्याण्णव चालत नाहीत. नऊशे पूर्ण झाल्या की हातावर ठेवतात ती वस्तू सोन्याची, पण आकाराने सरळसरळ विष्ठा. हे मी सासूबाईंना सांगितलेलं नाही.

२००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० बरोबर अचीव्हमेंट, म्हणजे केलेल्या कामांचे बिल्ले, आल्या, २००८ मध्ये प्लेस्टेशनने ट्रॉफ्या आणल्या, आणि ज्याचं त्याचं घरात चालायचं ते वेड चारचौघांत मिरवायची सोय झाली. मला त्यात फारसा रस नाही. २०१३ च्या 'असॅसिन्स क्रीड ब्लॅक फ्लॅग'मध्ये प्लॅटिनम, म्हणजे सगळ्यात वरच्या ट्रॉफीसाठी मल्टिप्लेयरमधली कामंही करावी लागतात. एकटीने खेळायच्या गोष्टीच्या पूर्णत्वाला अनोळखी माणसं कशाला लागावीत? ती मी सोडली, आणि सोडल्याचं वाईटही वाटलं नाही.

पण जहाजाचा नाद लागला तो त्याच गेममुळे. आम्ही ग्वाल्हेरची माणसं, आमचं पाणी म्हणजे स्वर्णरेखा, आणि तिला नदी म्हटलं तर रिक्षावाला विचारतो, "नाला ना?" समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर. आणि इथे १७१५ नंतरचा कॅरिबियन समुद्र, जॅकडॉ नावाचं जहाज, आणि शिडं ओढता ओढता गाणारे खलाशी. त्या गाण्यांचे कागदसुद्धा शहरात वाऱ्यावर उडत असतात, कौलांवरून त्यांच्यामागे धावून पकडायचे, मग खलाशांना नवं गाणं येतं. कटलेल्या पतंगामागे धावावं तसं. मी ती सगळी गाणी पकडली. ज्यांना यात वेळ वाया गेलेला दिसतो, त्यांनी एकदा रात्रीच्या समुद्रात नवं गाणं सुरू होताना ऐकावं.

मुख्य कथेला जॅकडॉ साधारण बरं असलं तरी चालतं. पण नकाशाच्या चार कोपऱ्यांत चार ठिकाणी दंतकथेतली जहाजं दबा धरून असतात, आणि कथेपुरतं सजवलेलं जहाज घेऊन तिथे गेलं की दोन मिनिटांत फळकुटं होतात. एका कोपऱ्यात तर दोघं जोडीने येतात. एकाला उजवीकडे घ्यावं तर दुसरं डावीकडून तोफा डागतं. मग परत यायचं. लाकूड, लोखंड, कापड यांसाठी इतर जहाजं लुटायची, बुडालेल्या जहाजांत पाणबुडीच्या घंटेतून उतरून चांगल्या कवचाचे, चांगल्या उखळी तोफांचे नकाशे शोधायचे, आणि एकेक करून बसवायचे. पहिल्यांदा मी सगळा पैसा तोफांवर घातला. मारायला जोर होता, खायला अंग नव्हतं. कवच आधी, तोफा नंतर, हे मला तीनदा बुडून कळलं.

दोनशे तुकडे गोळा करायचं कामही त्याच गेममध्ये आहे, आणि ते निव्वळ हमाली आहे. तेही मी केलं. त्याचं समर्थन माझ्याकडे नाही. रात्री डोळे मिटले की नकाशावरचे ठिपके दिसायचे. उरकायचं म्हणून उरकण्याचा एक रोग असतो आणि तो मला अधूनमधून होतो, हे मान्य करून टाकते.

मग २०२३ मध्ये स्टारफील्ड आला आणि मी पार वाहून गेले. इथे जहाज आकाशात जातं, आणि विकत घेतलेल्या जहाजाचा तुकडा न् तुकडा सोडवून पुन्हा जोडता येतो. सुरुवातीला हातात पडणाऱ्या फ्रंटियर जहाजावर कथा बरीच पुढे रेटता येते. अडतं ते गेममधल्या कामांच्या फलकावरच्या फुटकळ कामांशी. एकाला माल पोचवायचाय, म्हणजे कोठ्या वाढवा. कोठ्या वाढल्या की जहाज जड होतं आणि म्हशीसारखं वळतं. इंजिनं वाढवा, तर ती वीज खातात. चोरटा माल न्यायचा तर तपासणीत न दिसणारी वेगळी कोठी लागते. प्रवासी न्यायचे तर खोल्या जोडायला हव्यात.

विजेचं गणित माझ्या ट्यूशनच्या मुलांना एका वाक्यात कळतं, कारण प्रत्येकाच्या घरी इन्व्हर्टर आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकलेला, लाइट गेलेली, आणि घरात भांडण: दोन पंखे आणि राउटर चालेल, कूलर लावलात तर सगळंच बसेल. जहाजाचा रिअॅक्टर तसाच. तोफा, ढाल, इंजिन, लांब उडीचं यंत्र, सगळ्यांना थोडं थोडं वाटायचं. प्रवासी घेऊन निघाले की मी तोफांची वीज काढून ढालीला देते. लढायला निघालेलेच नसते ना.

एका शनिवारी मी प्रवाशांचं काम घेतलं आणि दोन खोल्या वर चढवल्या. जहाज पासच होईना: पाय कमी, लँडिंग गिअर वाढवा. वाढवलं. आता वजन जास्त, इंजिन बदला. बदललं. मग रिअॅक्टर पुरेना. साडेबाराला एकदाचं सगळं हिरवं झालं आणि मी आत शिरले, तर खोल्यांतली शिडी तिसऱ्याच कोपऱ्यात. दारं आणि शिड्या कुठे येणार हे गेम आला तेव्हा त्याचा तोच ठरवायचा. वैमानिकाच्या खुर्चीपर्यंत जायला खाली, मग मागे, मग वर, मग पुढे. आमच्या आजोळच्या वाड्यात माजघरातून माडीवर जायला अगदी असंच करावं लागायचं. आणखी गंमत म्हणजे, जहाजाची रचना बदलली की खोल्यांतलं सुटं सामान, कप, वह्या, कुंड्या, सगळं कोठीत जाऊन पडतं. मालासाठी मोजूनमापून ठेवलेल्या जागेत मला कॉफीचे कप सापडले. रात्री एक वाजता मी एकेक कप उचलून फेकत होते.

मिळालं काय? प्रवाशांचं भाडं. नव्या इंजिनाच्या किमतीपुढे चिल्लर.

पण आता दुसरी गोष्ट. एप्रिलमध्ये मुलांसाठी सामान्यज्ञानाचे प्रश्न काढत होते. ५ एप्रिल, राष्ट्रीय सागरी दिन. का, तर १९१९ मध्ये त्या दिवशी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनला निघालं. हे पाठच होतं. पण ते जहाज कंपनीकडे आलं कुठून, हे पहिल्यांदाच वाचलं. आमच्याच महाराजांकडून! मूळचं 'एम्प्रेस ऑफ इंडिया', कॅनडा आणि पूर्वेकडच्या बंदरांमध्ये उतारू नेणारी बोट. १९१४ च्या शेवटी ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी ती विकत घेतली, 'लॉयल्टी' नाव दिलं आणि पहिल्या महायुद्धातल्या हिंदी सैनिकांसाठी तिचं इस्पितळ केलं. युद्ध संपल्यावर ती कंपनीने घेतली आणि १९२३ मध्ये मुंबईतच मोडीत निघाली. समुद्र नसलेल्या गावाच्या राजाने उतारूंची बोट उघडून जखमींसाठी पुन्हा बांधली. मी खुर्चीतच सरळ बसले.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी हे सासूबाईंना सांगितलं. जयविलास राजवाड्यातल्या मेजावर धावणारी चांदीची आगगाडी त्यांनी माहेरच्या पाहुण्यांना इतक्या वेळा दाखवलीय की महाराजांची हौस त्यांना नवीन नाही. बोटीचं मात्र त्यांना माहीत नव्हतं. "म्हणजे तू करतेस तेच की," त्या म्हणाल्या. मी घास तोंडात तसाच धरून मान हलवली.

त्या रात्री त्या स्वतः येऊन शेजारच्या खुर्चीवर बसल्या, मांडीवर निवडायची मेथी. मी इस्पितळाचं जहाज बांधायला घेतलं होतं. पांढरं रंगवलं. १९०७ च्या हेग करारात इस्पितळी जहाजाचा रंग पांढरा ठरला होता, सरकारी असेल तर आडवा हिरवा पट्टा, खासगी मदतीचं असेल तर तांबडा. सासूबाई म्हणाल्या, तांबडा, कारण सरकारने एक पैसा दिलेला नाही. दवाखान्याची खोली वरच्या मजल्यावर बसवली आणि जहाज त्यांना आतून फिरवून दाखवलं.

शिडीपाशी त्या थांबल्या. म्हणजे मला थांबवलं.

"जखमी माणसाला इथून वर कसं नेणार?"

मी काहीच बोलले नाही. इतकी वर्षं मी वजन, वीज, वेग यांची गणितं केली, पण त्या शिडीवरून कुणाला उचलून न्यायचं माझ्या मनातच आलं नव्हतं. सगळं उतरवलं. सगळ्या खोल्या एकाच मजल्यावर, एकामागे एक. जहाज इतकं लांबलं की गेमने लाल अक्षरांत सांगितलं, लांबी मर्यादेबाहेर.

"आई, लांबी बसत नाही."

त्यांनी मेथीचा निवडलेला ढीग परातीत सारला. घड्याळात पावणेबारा.

"रुंद कर की मग."

मी बाजूला दोन खोल्या जोडल्या. लँडिंग गिअर कमी पडलं.