विष नसलेला विषारी बेडूक आणि सोलापूरचा मे महिना

विषारी बेडूक पाळण्याचा विषय निघाला की घरातली मोठी माणसे पहिला प्रश्न विषाचा विचारतात, आणि नेमका तोच प्रश्न सर्वांत सोपा आहे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या पावसाळी जंगलांत राहणाऱ्या डेंड्रोबॅटिडी कुळातील हे बेडूक आपले विष स्वतः तयार करत नाहीत. मुंग्या, माइट हे कोळ्यांच्या वर्गातले अगदी सूक्ष्म जीव आणि बारीक भुंगेरे खाताना त्यांच्यातील अल्कलॉइड नावाची विषारी रसायने पोटात जातात आणि हळूहळू कातडीतील ग्रंथींत साठत जातात. पाळणाऱ्याच्या काचेच्या पेटीत जन्मलेल्या आणि फळमाश्यांवर वाढलेल्या बेडकाला हे खाद्यच मिळत नसल्यामुळे त्याच्या कातडीत विष साठत नाही. कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्याजवळच्या जंगलातला पिवळाधमक फायलोबेट्स टेरिबिलिसही याला अपवाद नाही. १९७८ मध्ये ज्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले, त्या या बेडकाच्या पाठीवर तिथले एम्बेरा आदिवासी फुंकनळीच्या बाणांची टोके घासत असत, कारण रानातल्या एका बेडकाच्या कातडीत सुमारे १ मिलिग्रॅम बॅट्राकोटॉक्सिन असू शकते. हे विष मज्जातंतू आणि स्नायूंच्या पेशींतील सोडियमचे मार्ग उघडेच ठेवते आणि त्यामुळे हृदय बंद पडते. रानातून पकडून आणलेल्या बेडकात मात्र हे विष पुढे कित्येक वर्षे टिकते, म्हणून असा बेडूक विकत घेणे जंगलाच्या दृष्टीने जितके वाईट, तितकेच घरातल्या मुलांच्या दृष्टीनेही वाईट.

पेटीतल्या बेडकाच्या बाबतीत धोक्याची दिशाच उलटी असते. त्याची कातडी पातळ आणि पाणी शोषून घेणारी असल्याने आपल्या हातावरचे मीठ, साबण किंवा डास पळवणारे मलम थेट त्याच्या अंगात जाऊ शकते. त्यामुळे हा हातात घेऊन खेळवण्याचा प्राणी नव्हे. मी मासे पाळणारा माणूस असल्याने काचेपलीकडून पाहण्यात मला काही कमीपणा वाटत नाही, आणि पाहण्यासारखे येथे पुष्कळ आहे. हे बेडूक दिवसा वावरतात. पेरूमधील रॅनिटोमेया इमिटेटर या जातीत नर-मादी जोडी बांधून राहतात आणि नर पिल्ले पाठीवर घेऊन पानांच्या बेचक्यांत साठलेल्या पाण्यात नेऊन सोडतो, तर ऊफागा प्युमिलिओ या जातीची मादी आपल्या पिल्लांना न फळलेली अंडी खाऊ घालते. योग्य निगा राखल्यास काही जाती दहा वर्षांहून अधिक जगतात.

आता सोलापूरचे पाहू. या बेडकांना साधारण २२ ते २६ अंश तापमान आणि ८० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता मानवते. ३० अंशांच्या वरची उष्णता बराच वेळ टिकली तर बहुतेक जातींच्या जिवावर बेतते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या पुढे जातो आणि जुळे सोलापुरातल्या वरच्या मजल्यावरच्या घराच्या भिंती रात्रीही गरम लागतात. अशा वेळी पेटीत पाणी फवारत राहावे, असे सर्वांनाच सुचते. परंतु फवाऱ्याने गारवा येतो तो पाण्याची वाफ होताना, आणि बंद काचेतली हवा आधीच दमट असेल तर वाफ होणेच थांबते, मग आत उरते ती केवळ ओली उष्णता. कूलर आपल्या कोरड्या हवेत चांगला चालतो खरा, पण तो खोली २५ अंशांवर धरून ठेवील अशी हमी कोणी देऊ शकणार नाही. म्हणजे एसी आला. भर दुपारी लाइट गेली तर घरातला साधा इन्व्हर्टर दिवे-पंखे चालवील, एसी नाही, हेही आधीच गृहीत धरावे लागते. पाण्याचे त्यामानाने लवकर जमते. बोरच्या जड पाण्याने काचेवर पांढरे डाग पडतात आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून फवाऱ्याला आरओचे पाणी वापरावे.

खाद्याचा प्रश्न मला उष्णतेइतकाच अवघड वाटतो, कारण तोही शेवटी उष्णतेचाच प्रश्न आहे. या बेडकांना जिवंत आणि हलते भक्ष्य लागते, म्हणून उडता न येणाऱ्या फळमाश्या घरीच बाटल्यांत वाढवाव्या लागतात आणि देताना त्यांच्यावर कॅल्शियम व जीवनसत्त्व डी-३ ची पूड भुरभुरावी लागते. २५ अंशांच्या आसपास ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर या फळमाशीची नवी पिढी १०-१२ दिवसांत तयार होते, पण ३० अंशांवर वाढलेले नर वांझ निघतात. उन्हाळ्यात बेडूक कसाबसा वाचला तरी त्याचे अन्न आधी संपते, ते असे. शिवाय घरातल्या लाल मुंग्यांना या बाटल्यांचा माग लगेच लागतो, त्यामुळे तुपाच्या डब्यासारख्या त्या पाणी भरलेल्या ताटलीत ठेवाव्या लागतात.

कागदपत्रांचा विषय थोडक्यात सांगतो, मात्र तो टाळता येणारा नाही. विषारी बेडकांच्या प्रमुख प्रजाती साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी कायद्याने बंधनकारक झाली. २०२४ च्या नियमांनुसार प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो, आणि पुढे पिल्ले झाली किंवा प्राणी मेला तरी ते कळवावे लागते. ‘कागद नंतर देतो, आधी ॲडव्हान्स पाठवा’ असे म्हणणाऱ्या विक्रेत्याशी पुढे बोलण्याचे कारण नाही.

पेटीतले पाणी कोठे ओतायचे, याचा विचार मात्र फार थोडे लोक करतात. जगभरातील बेडकांचा संहार करणाऱ्या कायट्रिड बुरशीचे शास्त्रीय वर्णन १९९९ मध्ये झाले, ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका निळ्या विषारी बेडकावरूनच. ही बुरशी पाण्यातून पसरते. आपल्याकडे पहिल्या मोठ्या पावसानंतर डबक्यांत जे पिवळेजर्द नर बेडूक ओरडताना दिसतात, त्यांच्यापर्यंत किंवा हिप्परगा तलावापर्यंत आपल्या पेटीतला थेंबही जाता कामा नये, म्हणून वापरलेले पाणी ब्लीचने निर्जंतुक केल्याशिवाय बाहेर टाकू नये.

माझ्या पुतण्याला निळा बेडूक हवा आहे. त्याने आधी पेटी लावावी, त्यात झाडे लावावीत आणि स्प्रिंगटेल हे मातीतले बारीक किडे सोडावेत, माश्यांच्या बाटल्या सुरू कराव्यात आणि बेडकाविना ही सगळी व्यवस्था संपूर्ण एप्रिल-मे चालवून तापमानाची रोजची नोंद मला दाखवावी, असे मी त्याला सांगितले आहे. एसीच्या बिलाची बोलणी मात्र त्याने स्वतःच त्याच्या आईशी करायची आहेत, आणि वहिनींनी बाटल्या स्वयंपाकघरातून आजच बाहेर काढायला लावल्या आहेत.